श्रावणीचा ताबा शिवराजला न्हाय

मी, वैजयंती बाळू सुरवसे, वय सत्तावीस, धंदा शिवणकाम, शिक्षण सहावी पास, ऱ्हानार कुंभारीचं घरकुल, जिल्हा सोलापूर, ह्यो कागद सवताच्या हातानं लिवते. ह्येच माझं मृत्युपत्र समजावं. ह्येच्या आदी मी असलं काय लिवलेलं न्हाय. लिवून ठिवावं असं माझ्याकडं हुतं तरी काय.

माझं डोकं ठिकानावर हाय. मला ताप न्हाय, मी कसली गोळी खाल्लेली न्हाय. कुनाच्या धाकानं लिवतीस का, असं वकीलबाईंनी विचारलं. धाक हाय की. पर त्यो ह्यो कागद लिवू नये म्हनून हाय, लिवावा म्हनून न्हाय. वकीलबाई म्हंजे अंकिता मॅडम. सात रस्त्याला त्यांच्या हापिसात बसून लिवतेय, दुपारचे बारा वाजलेत. त्या म्हनल्या, तुज्या हातानं लिव, तुज्या भाषेत लिव, कोर्टाला कळतं. सोमवारी त्या माझ्यासंगं कोर्टात अर्ज देनार हायेत. आज शनवार. मधी रविवार हाय. त्या एका दिवसासाटी ह्यो कागद.

कलम १. माझी मुलगी श्रावणी, वय सात, दुसरीत शिकते. मी मेले तर तिचा ताबा कस्तुराबाई नागप्पा हत्तुरे ह्यांच्याकडं द्यावा. कस्तुराक्का माझ्या नात्यातली न्हाय, जातीतली न्हाय. ती अक्कलकोटकडची, कानडी बोलनारी. आमच्या शिवनकामाच्या शेडमधी काजं-बटन करती. नऊ वर्सं मी तिच्या मांडीला मांडी लावून बसलेय. श्रावणी दीड म्हैन्याची हुती तवापास्नं मी तिला शेडमधी न्यायची, मी मशीनवर आन् पोरगी अक्काच्या मांडीवर. पोरगी तिला अज्जी म्हनते. काल सकाळच्या यष्टीनं मी दोघींना गावाला घालवलं. गावाचं नाव हितं लिवत न्हाय.

पोरगी तिच्या काकाला, म्हंजे माझा धाकटा दीर शिवराज जोतीराम सुरवसे ह्येला, कुठल्याबी कारनानं द्यायची न्हाय. बापाच्या मागं काका, असं भावकी म्हनंल, पोलीस म्हनतील. त्येला पोरगी कशाला पायजे ते सांगते. शिवराजला म्हापालिकेचं तिकीट मिळतंय. त्येच्या बोर्डावर माझ्या मेलेल्या नवऱ्याचा फोटू हाय, खाली लिवलंय हुतात्म्याचं कुटुंब. आता बोर्डावर मढं चालतं, पर जीपवर जित्तं मानूस लागतं. श्रावणीला खड्गवीर दलाचा राखाडी शर्ट घालून, हातात लाकडी तलवार देऊन त्येला परचाराच्या जीपवर उभी करायचीय. ज्येनं तिच्या बापाला तोडला त्येच्याच जीपवर.

ह्ये मी रागाच्या भरात लिवत न्हाय. पुरावा हाय. कलम चारमधी सांगते.

कलम २. कुंभारीच्या घरकुलातलं घर माझ्या मालकांच्या नावावर हाय. त्यांचं नाव मी तोंडानं घेत न्हाय, पर कागदाला लागतं म्हनून लिवते, बाळू जोतीराम सुरवसे. म्होरं त्यांना नुसतं ह्ये म्हनते. ह्यांच्या मागं घरात माझा, श्रावणीचा आन् माझ्या सासूचा असे तीन हिस्से हायेत, असं वकीलबाई म्हनल्या. माझा हिस्सा श्रावणीला. तिनं त्या घरात ऱ्हावं असं माझं म्हननं न्हाय. इकावं आन् शिकावं.

घर आलं की ह्ये कसे गेले ती लिवावं लागतं.

मी ज्या शेडमधी शिवते ती पक्षाच्या एका मानसाची हाय. बारा म्हैने शाळेचे युनिफॉर्म, इलेक्शन आली की पक्षाचे झेंडे आन् उपरनी. दोन वर्सांपास्नं खड्गवीर दलाचे राखाडी शर्टबी आमीच शिवतो. पक्षाचे शहराध्यक्ष हृषीकेशआण्णा भाषनात सांगतात, दलाचा आन् आमचा काय संबंद न्हाय, ती पोरं सवताच्या मनानं येतात. दलाच्या पोरांची मापं मी घेतलीत. पक्षाच्या हापिसात, वरच्या मजल्यावर. आण्णा खुर्चीत बसून चहा पीत हुते, आन् एकेकाला म्हनत हुते, छाती फुडं काढ की, लगीन झालेल्या बाईवानी काय उभा ऱ्हातोस. बासष्ट मापं घेतली. मतदानाच्या टायमाला पक्ष, मारामारीच्या टायमाला दल. मानसं तीच, नुसता शर्ट बदलायचा.

ह्ये शेडचा टेम्पो चालवायचे. शर्टांच्या गठ्ठ्याखाली काय जातं ती त्यांना म्हाईत हुतं. मी विचारलं तर म्हनायचे, तू तुजी शिलाई बग. सप्टेंबरात एका मिरवनुकीत दलानं तलवारी काढल्या. दोन मानसांचे हात तुटले. पोलिसांनी टेम्पो धरला. तवा आण्णांनी ह्यांना बोलावून सांगितलं की तलवारी माझ्या म्हनून कबूल हो, चार-सहा म्हैन्यात सोडवून आनतो. शिवराज तितंच हुता. त्येचं तिकीट त्याच्यावरच अडलेलं. भावाला गप करून दाखव, मग बगू, असं. ह्ये घरी येऊन जेवले न्हाईत. मला म्हनले, "मी मालाचा डायवर हाय, मालक न्हाय. कोर्टानं विचारलं तर कुटनं भरल्या ती सांगनार."

ह्येच वाक्य त्यांनी शिवराजलाबी सांगितलं.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी, शुक्रवारी दुपारी शिवराजचा फोन आला, दादा, जरा भेट, समजुतीनं घेऊ. भाऊच हाय म्हनून ह्ये चप्पल घालून तसेच गेले. चार वाजता गावामागच्या खडीच्या खानीत शेळ्या राखनाऱ्या बायांना दिसले. मानेवर दोन वार, पाठीत अकरा. हातावरचे मोजता येत नव्हते कारन ह्ये हातानंच आडवत हुते. डावा पंजा कातडीवर लोंबत हुता. उजवी मूठ घट्ट आवळलेली हुती. सरकारी दवाखान्यात ती मूठ उगडली तर आत कापडाचा तुकडा, एक बटन लागलेला. पंचनामा लिवनारा म्हनला, त्येच्याच शर्टाचा हाय, द्या बाईला. घड्याळ, किल्ली आन् त्यो तुकडा एका रुमालात बांधून माझ्या हातात दिला. मलाबी त्यांच्याच शर्टाचा वाटला. डोळ्याला काय दिसत हुतं तवा.

मढं घरी यायच्या आदी दारात बोर्ड आला. हुतात्मा बाळूभाऊ. फोटू छापून, फुलांची माळ छापून. सात वाजता. मढ्याच्या अंघोळीचं पानी तापवायला घेतलं नव्हतं अजून. आन् गल्लीत बातमी फिरली की मुसलमानांनी कापला.

कलम ३. माझी शिवायची मशीन, मोटर लावलेली, आन् मोठी कात्री, ह्ये दस्तगीरचाचांच्या बायकोला, हमीदाबींना द्यावं. त्या घेनार न्हाईत. तरी नेऊन द्यावं. घेतलं न्हाय तर त्यांच्या दारात ठिवून यावं.

दस्तगीरचाचा आमच्या शेडचे कटिंग मास्टर. दलाचे बासष्ट शर्ट त्यांच्याच हातानं कापलेले. कापड अंथरून, खडूनं आखून, एकदम बारा थर कापायचे आन् एक सूत हालायचं न्हाय. मापाची वही बघून हसायचे. म्हनायचे, "इनके पेटां बढ़ते जा रै बेटी, अगले साल थान ज्यादा मंगाना पड़ता."

ह्ये गेले त्या दिवशी फौजदारानं मला विचारलं, कुनाशी भांडन? मी खरं ती सांगितलं. मंगळवारी ह्यांचे चाचांशी दोन शब्द झाले हुते, कटिंगला उशीर झाला, टेम्पो खोळंबला म्हनून. तेवढंच. शिवराज दारात उभा ऱ्हाऊन ऐकत हुता.

तिसऱ्या दिवशी शोकसभा ठिवली. मला पांढरी साडी नेसवून स्टेजवर बसवलं, श्रावणी मांडीवर. आण्णा बोलले, मग शिवराज बोलला. बोलता बोलता माझ्याकडं आला, माईक माझ्या तोंडाफुडं धरला, आन् हजार मानसांसमोर विचारलं, "वैनी, दस्तगीरचं आन् माझ्या दादाचं वाकडं हुतं, खरं का न्हाय?"

मी म्हनले, "व्हय."

ती माझी चूक हाय. वाकडं नव्हतं, उशीर हुता. पर मला हो-न्हायमधी विचारलं आन् मी हो म्हनले. मानसं उठली तवा मला कळलं मी काय बोलले. परत बोलायला तोंड उगडलं तवर माईक फुडं गेला हुता. वरडायला पायजे हुतं. वरडले न्हाय. भ्याले.

अर्ध्या तासात चाचांच्या घरात शिरले. चाचा जेवत हुते. पायाला धरून दगडावरनं फरफटत रस्त्यावर आनले. उजव्या हाताची बोटं विटंवर ठिवून दुसऱ्या विटंनं ठेचली, एकेक करून, आन् पाचवं ठेचल्यावर टाळ्या वाजवल्या. मग गजानं डोकं. घराला काडी लावली. तीन दिवस दवाखान्यात घरघर लागलेली हुती, चौथ्या दिवशी गेले. ह्ये सगळं मला कसं म्हाईत? त्येचा व्हिडिओ काढला हुता. शिवराजनं माझ्या सासूच्या फुडं, माझ्या फुडं लावला. म्हनला, बगा, दादाचा हिशोब चुकता केला. तोंडं रुमालानं बांधलेली हुती सगळ्यांची. पर शर्टाला रुमाल बांधता येत न्हाय. कुनाच्या बाहीचा मुंढा कसा बसतो, कुनाचा खांदा उतरता हाय, मी शिवलेत की. व्हिडिओत अकरा जन हायेत. अकरांचे नंबर मी वेगळ्या कागदावर लिवून वकीलबाईंना दिलेत.

हमीदाबी आता विजापूरकडं भावापाशी हायेत. त्यांना सांगावं, वैजयंतीनं माफी मागितली न्हाय, कारन तिला मागायला तोंड न्हाय. मशीन तेवढी चांगली हाय. सुई बदलून घ्यावी.

कलम ४. एक राखाडी शर्ट, त्येच्या खिशाचा फाटका तुकडा, आन् माझी मापाची वही. ह्या तीन वस्तू मी मेले तरी आन् जित्ती ऱ्हायले तरी कोर्टाला द्यायच्या. त्या कुटं हायेत ती वकीलबाईंना म्हाईत हाय.

दलाच्या शर्टांची गंमत अशी की सगळे सारखे दिसतात. इस्त्रीला गेले की मिसळतात. म्हनून मी परत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं नंबर घालते. वहीत त्या नंबराफुडं नाव आन् माप. घालनाऱ्याला ती दिसत न्हाय. पुरुष मानूस शर्ट घालतो, आत बगत न्हाय.

दिवाळी झाल्यावर पक्षाची सभा ठरली. दलाच्या पोरांनी फाटके-तुटके शर्ट गठ्ठा बांधून दुरुस्तीला शेडमधी टाकले. कुनाचं बटन, कुनाची बाही. दरवेळी तसंच टाकतात. धुवून, घडी घालून. एकाच्याबी डोक्यात आलं न्हाय की त्यो गठ्ठा कुनाच्या हातात चाललाय.

सात नंबरच्या शर्टाचा डावा खिसा नव्हता. बटनासकट ओरबाडून काढलेला. बाहीवर धुवूनबी चहासारखे डाग हुते. कस्तुराक्कानं कॉलर उलटी करून नंबर वाचला, आन् माझ्याकडं बगितलं. मी घरी गेले, रुमाल सोडला, तुकडा घेऊन परत आले. लावून बगितला. माझीच शिलाई हुती, दुहेरी, कोपऱ्यात तिरका टाका. धाग्याला धागा बसला. ह्यांचा सवताचा शर्ट दवाखान्यानं दिलेला तसाच हुता घरात, त्येचे दोनी खिसे जाग्यावर.

वहीत सात नंबरफुडं लिवलंय, शिवराज जोतीराम सुरवसे, छाती चाळीस.

अक्का हळूच म्हनली, "सुम्मनिरु." म्हंजे गप ऱ्हा. आन् माझ्या हाताखाली कोरं कापड सरकवलं.

मी त्येच मापाचा नवा शर्ट शिवला. त्योच सात नंबर घातला. सोडा टाकून पाचदा धुतला, दगडावर घासला, म्हंजे जुना दिसावा. बाहीवर चहा शिंपडला. गठ्ठ्यात घालून पाठवून दिला. जुना लपवला.

आन् मी शिवनारीनं शिवनारीची चूक केली. गेल्या वर्सी शिवराजनं पोट सुटलं म्हनून शर्ट ढिला करून घेतला हुता. मी बगलेतली शिलाई उसवून आतलं कापड सोडलं हुतं, दोनी बाजूनं. ती काम उभ्या उभ्या झालं, वहीत लिवलं न्हाय. नवा शर्ट मी वहीवरनं शिवला. घाई हुती, भ्या हुतं, आठवलं न्हाय.

परवा, गुरुवारी सकाळी शिवराज आला. शर्ट अंगात, खालची तीन बटनं उगडी. सासू चुलीपाशी हुती, श्रावणी शाळेला निघाली हुती. त्यो हसत हसत बसला. म्हनला, "वैनी, दुरुस्तीला टाकलं की कापड आटतंय व्हय तुमच्याकडं?"

मी म्हनले धुन्यात आटलं असंल. त्यो म्हनला, जुना कुटं हाय. मी म्हनले, ह्योच जुना, भावजी. त्येनं माझ्या गळ्यातली माप घ्यायची टेप काढून घेतली. श्रावणीला जवळ घेतली, पाप्पी घेतली. म्हनला दलाचं बालपथक निघतंय, हिचं माप घेऊ. खांदा घेतला, हात घेतला. मग टेप गळ्याभवती घातली आन् वडली. पोरीला वाटलं काका खेळतोय. ती हसली. मग खोकली. मग तिला खोकताबी येईना. पाय झाडायला लागली, एक बूट उडून चुलीपाशी गेला. त्यो माझ्याकडं बगत हुता, तिच्याकडं न्हाय. "नऊ इंच," म्हनला. "अजून आवळली तर आठात बसंल."

मी त्येच्या पायावर पडले. त्येनं सोडली. म्हनला, "सोमवारपतूर शर्ट. न्हाय तर पोरगी माझी. आन् तुमचं काय, नवऱ्याच्या दुख्खानं बाया काय बी करून घेत्यात."

पोरीच्या गळ्याला लाल पट्टा उठलाय. इंचांचे आकडे उमटलेत कातडीवर. काल यष्टीत बसवायच्या आदी वकीलबाईंनी त्येचा फोटू काढून घेतलाय.

मी पोलीस चौकीला गेले नव्हते असं कुनी म्हनू नये. गेले हुते. साहेबांच्या मागं भिंतीवर आण्णांचं क्यालेंडर हुतं. नाव काय बाई, म्हनले. मी म्हनले चुकून आले. आन् भाईर पडले.

कलम ५. मी कशी मेले असं सांगितलं तर कशावर इस्वास ठिवू नये, ती लिवते. माझ्या घरात घासलेट न्हाय. चूल हाय आन् ग्यास हाय, ग्यासची नळी नवी हाय. मला पव्हता येतं, वैरागला माहेरच्या मळ्यातल्या हिरीत शिकलेय. घराला पत्रा हाय, आडं न्हाय, फास लावायला जागा न्हाय. मी औषध घेत न्हाय. मी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते. मला मरायचं न्हाय. सात वर्साच्या पोरीला टाकून मी सवता मरनार न्हाय, ही माझी लेखी खात्री.

मेले तर माझ्या मढ्याला शिवराजनं अग्नी द्यायचा न्हाय. दलाच्या कुनी खांदा द्यायचा न्हाय. माझा बोर्ड लावायचा न्हाय. मला हुतात्मा म्हनायचं न्हाय. अग्नी द्यायला कुनी नसंल तर श्रावणी देईल, पर तिला लांब उभी करावी आन् चेहऱ्यावर कापड घालावं. तिनं एका वर्सात लई बगितलंय.

कलम ६. हृषीकेशआण्णांनी शोकसभेला स्टेजवर मला दिलेली साडी. घडी मोडलेली न्हाय, पिशवीसकट हाय. ती त्यांच्या हापिसात वरच्या मजल्यावर खुर्चीत ठिवून यावी. पावती नको. संगं निरोप द्यावा की तुमचा आन् दलाचा काय संबंद न्हाय ती मला पटलं, तसा तुमचा आन् माझाबी न्हाय.

ह्यांच्या फोटूचा बोर्ड कुंभारीच्या फाट्यावर अजून हाय. त्यो उतरवावा. फोटू चांगला हाय, लग्नातला. पर शेजारी शिवराज हात जोडून उभा हाय. कुनाला नसंल जमत तर निदान त्येच्याकडचा भाग फाडावा.

कलम ७. माझी सख्खी बहीण प्रभा, गावातच, वैरागलाच दिलेली. ती म्हनंल, पोरगी मावशीला सोडून परक्या बाईला का दिली. प्रभाअक्का, तुज्यावर राग न्हाय. लहानपनी तू मला पाठुंगळीवर घेऊन शाळेत न्यायचीस, ती मी इसरले न्हाय. पर दाजींचं माप मी घेतलंय. एक्केचाळीस नंबर. तुला म्हाईत नसंल. ते तुला गनपतीच्या मंडळाला जातो म्हनून सांगून येतात. व्हिडिओतल्या अकरात ते हायेत का न्हाईत, ती तू त्यांनाच इचार. डाव्या खांद्यानं जरा वाकून चालतात, एवढं सांगते. माझ्या पैठनीवर तुजा जीव हुता. ती तुला. पोरगी न्हाय.

कलम ८. ह्यांचा लहानपनचा चांदीचा करगोटा. पाच वर्सांचे हुईपतूर कमरेला हुता. ह्यांच्या आईला, मथुराबाई जोतीराम सुरवसे ह्यांना, परत द्यावा. त्यांनीच घडवला हुता, त्यांच्याकडंच जावा.

(कलम आठ वर काट मारलीय. काट माझ्या हातची हाय आन् शेजारी माझी सही हाय. का मारली ती लिवते, म्हंजे उद्या कुनी म्हनू नये की कागदात खाडाखोड झाली.)

कागद लिवून झाला तवा दोन वाजले हुते. दोन साक्षीदार लागतात. एक वकीलबाई सवता झाल्या. दुसऱ्यासाटी त्यांनी हापिसातल्या कारकुनाला बोलावलं. त्यो कागदावर शिवराजचं नाव बगून म्हनला, मॅडम, माझी आई आजारी हाय, आन् गेला. खालचा झेरॉक्सवाला गुरुशांत, चांगला मानूस, त्यो वर आला, पेन हातात घेतलं, आन् म्हनला माझं दुकान रस्त्यावर हाय ताई. पेन परत ठिवलं. मी त्येला दोष देत न्हाय. मी एका माईकला भ्याले, त्येला तर दुकान हाय.

भाईर बाकड्यावर माझी सासू, मी तिला आत्ती म्हनते, बसलेली हुती. शिवराजनं गुरुवारपास्नं आत्तीला माझ्यावर पाळतीला ठिवलंय, ही कुटं जाती, कुनाला भेटती. काल आत्ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी पोरीला घराभाईर काढली. पोरगी कुटं हाय, असं आत्तीनं मला अजून विचारलं न्हाय. आज सकाळी मी यष्टीत बसले तर शेजारी येऊन बसली. मला वाटलं आता घरी जाऊन सगळं सांगनार. तीन तास जिन्यापाशी बसून हुती, पानी दिलं तर घेतलं न्हाय.

गुरुशांत खाली गेल्यावर ती आत आली. वकीलबाईंना म्हनली, ह्या कागदात काय हाय ती मला वाचून दाखवा. वकीलबाईंनी माझ्याकडं बगितलं. मी म्हनले वाचा. आता लपवायचं काय ऱ्हायलंय.

त्यांनी पहिल्यापास्नं वाचलं. आत्ती खुर्चीत बसली न्हाय, उभी ऱ्हायली. पाठीतले अकरा वार आले तवा तिनं भिंतीला हात लावला. खिशाचा तुकडा आला, सात नंबर आला, तवा ती हालली न्हाय. मला वाटतं तिला म्हाईत हुतं. शर्ट तिनंच धुतला असंल. मी विचारलं न्हाय. करगोट्याचं आलं तवा तिनं वकीलबाईंना थांबवलं, आन् विचारलं, ज्येला कागदात काय मिळतं त्येला अंगठा देता येतो का. वकीलबाई म्हनल्या, दिला तर त्येला ती मिळत न्हाय.

आत्ती म्हनली, "मग त्यो खोड."

मी म्हनले, आत्ती, लेकाचा हाय त्यो. तेवढाच हाय आता. शिवराजला कळलं तर तुमाला जित्ती सोडायचा न्हाय.

ती म्हनली, "पोरीच्या गळ्याला तेल मी लावलंय दोनदा. आकडे मला वाचता येत न्हाईत, पर मला दिसत्यात. खोड म्हनते न्हवं."

मी खोडलं. मग तिनं वकीलबाईंना सांगितलं की अंगठ्याखाली नातं कसं लिवायचं. वकीलबाई म्हनल्या, सासू लिवलं की पुरे. ती म्हनली न्हाय, मी सांगते तसं लिवा.

वर लिवलेलं सगळं मला वाचून दाखवलं, माझंच हाय, खरं हाय. सही मी दोघींच्या डोळ्यांदेखत केली, आन् दोघींनी माझ्या डोळ्यांदेखत.

ठिकाण: सात रस्ता, सोलापूर
तारीख: २० डिसेंबर २०२५, शनिवार, दुपारी पावणेतीन

लिहून देणार:
वैजयंती बाळू सुरवसे (सही)

साक्षीदार पहिला:
ॲड. अंकिता बसलिंगप्पा कोरे, वकील, सोलापूर (सही)

साक्षीदार दुसरा:
मथुराबाई जोतीराम सुरवसे, वय एकसष्ट, राहणार कुंभारी
निशाणी डाव्या हाताचा अंगठा
नातं: मेला त्येची आई. मारला त्येचीबी.